पाकीट भरताना असं भरा, जणू ते आजच हरवणार आहे

एक छोटी परीक्षा घेऊया. पाकीट खिशातच राहू द्या, बाहेर काढू नका. आता आठवून सांगा, त्यात किती कार्डं आहेत? कुठल्या कुठल्या बँकांची? आधार ओरिजनल आहे की झेरॉक्स? लायसन्स आहे की घरी कपाटात आहे? रोख किती?

बहुतेक जणांची गाडी दुसऱ्या तिसऱ्या प्रश्नालाच अडकते. आणि गंमत म्हणजे पाकीट हरवल्यावर पोलिस, बँक आणि घरचे हेच प्रश्न विचारतात. तेव्हा डोकं आधीच बधिर झालेलं असतं. पाकिटात काय होतं हेच आठवत नसेल तर कुठलं कार्ड ब्लॉक करायचं हे तरी कसं आठवणार?

आपण पाकीट भरतो ते सोयीसाठी. कधी काय लागेल सांगता येत नाही म्हणून सगळंच कोंबून ठेवतो. पण पाकीट ही घरातली तिजोरी नाही. ती बसमध्ये, लोकलमध्ये, लग्नाच्या मांडवात, हॉटेलच्या टेबलावर फिरणारी वस्तू आहे. त्यामुळे ते भरायचा नियम उलटा हवा. ते हरवणारच आहे असं धरून चालायचं, आणि हरवल्यावर आपलं कमीत कमी नुकसान होईल असंच सामान आत ठेवायचं.

ते कसं, हे जरा सविस्तर बघूया.

कनवटीपासून पाकिटापर्यंत

आपल्या आजोबा-पणजोबांकडे पाकीट नव्हतं. पैसे असायचे कनवटीला, म्हणजे धोतर किंवा लुगडं नेसल्यावर कमरेशी जी घट्ट गुंडाळी होते तिच्यात खोचलेले. जास्त पैसे असले तर कमरेला कसा बांधलेला असायचा. पान-तंबाखूसाठी कप्प्याकप्प्यांची चंची आणि बायकांकडे दोरी ओढून बंद करायचा बटवा. आजीबाईचा बटवा म्हटलं की आज आपल्याला घरगुती औषधं आठवतात, पण बटवा म्हणजे मुळात पिशवीच.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. त्यात नाणी मावायची. घडी घालून ठेवायची नोट हा प्रकार नंतरचा. 1861 च्या कायद्यानं इंग्रज सरकारनं कागदी चलन स्वतःच्या हातात घेतलं आणि पुढे नोटा हळूहळू रोजच्या व्यवहारात आल्या. नोट चुरगळू नये, भिजू नये म्हणून घडीचं चपटं पाकीट सोयीचं ठरलं.

मग आली कार्डं. सेंट्रल बँक ऑफ इंडियानं 1980 मध्ये क्रेडिट कार्ड आणलं. 1987 मध्ये एचएसबीसीनं मुंबईत देशातलं पहिलं एटीएम सुरू केलं. पुढे पॅन कार्ड आलं, स्मार्ट कार्डवालं लायसन्स आलं. 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं आणि बघता बघता तेही पाकिटात जाऊन बसलं.

ही सगळी कार्डं एकाच कप्प्यात कशी काय बसतात, असा प्रश्न कधी पडलाय? कारण त्यांचं माप आंतरराष्ट्रीय स्तरावर ठरलेलं आहे. 85.60 मिलिमीटर लांब आणि 53.98 मिलिमीटर रुंद. बँकेचं कार्ड, पॅन, प्लास्टिकचं आधार, सगळे याच मापाचे. म्हणून पाकीट बनवणारा डोळे झाकून कप्पे शिवतो आणि आपण डोळे झाकून ते भरत जातो.

नोटा मात्र लहान झाल्या. जुनी 500 ची नोट 167 मिलिमीटर लांब आणि 73 मिलिमीटर रुंद होती. नोटबंदीनंतरची नवी नोट 150 बाय 66 आहे. म्हणजे नोटा लहान झाल्या, रोख वापरणं कमी झालं, चहाच्या टपरीवर यूपीआय आलं, तरी पाकीट मात्र जाडच राहिलं. कारण त्यात आता पैशांपेक्षा कागदपत्रं जास्त असतात.

आणि खरी अडचण इथेच आहे. पूर्वी पाकीट गेलं की पैसे जायचे, दोन दिवस हळहळ आणि विषय संपला. आता पाकीट गेलं की तुमची ओळखही जाते.

चोर कार्डाचं नेमकं काय करू शकतो?

पाकीट गेलं की पहिली भीती हीच असते. तर भारतात कार्ड दुसऱ्याच्या हाती पडलं तर पैसे जायच्या मुख्य तीन वाटा आहेत.

पहिली वाट, टॅप. कार्डावर वायफायसारखी आडवी खूण असेल तर ते मशीनवर नुसतं टेकवून पैसे देता येतात. 1 जानेवारी 2021 पासून अशा व्यवहाराची मर्यादा 2,000 वरून 5,000 रुपये झाली. म्हणजे एका वेळी 5,000 पर्यंतच्या खरेदीला पिन लागत नाही. तुम्हाला ब्लॉक करायला उशीर झाला तर दोन-चार दुकानांत टॅप होऊ शकतं.

दुसरी वाट, पिन. चिपच्या कार्डाला दुकानात किंवा एटीएमवर पिन लागतो. त्यामुळे ही वाट बंदच असायला हवी. पण ती उघडतो आपणच. पिन विसरू नये म्हणून तो कार्डाच्या कव्हरवर लिहिलेला असतो, नाहीतर त्याच कप्प्यात चिठ्ठी असते. पेन्शन काढणाऱ्या आजी-आजोबांच्या पाकिटात तर ही चिठ्ठी हमखास सापडते. काही जण हुशारी करून पिन म्हणून जन्मसाल ठेवतात आणि जन्मतारीख छापलेलं आधार त्याच पाकिटात असतं. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगण्यातला हा प्रकार आहे.

तिसरी वाट, परदेशी वेबसाइट. भारतातल्या वेबसाइटवर कार्ड वापरलं की ओटीपी लागतो. परदेशातल्या अनेक वेबसाइट तो मागत नाहीत. कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही एवढ्यावर काम होतं, आणि हे तिन्ही कार्डावरच छापलेलं असतं.

आता यातली चांगली बातमी. रिझर्व्ह बँकेनं 2020 मध्ये नियम केला की नवीन कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनसाठीच चालू असावं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅपचे व्यवहार ग्राहकानं स्वतःहून चालू करायचे. शिवाय हे सगळं कधीही चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय बँकेनं द्यायची. हे 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू आहे.

पण म्हणून आपलं कार्ड बंदच असेल असं धरून चालू नका. जुनी कार्डं असतात, कधीतरी एखाद्या खरेदीसाठी आपणच सगळं चालू केलेलं असतं आणि विसरलेलो असतो. बँकेच्या ऍपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा. परदेशी व्यवहार लागत नसतील तर बंद करा. टॅप वापरत नसाल तर तेही बंद करा. वापरत असाल तर मर्यादा हजार-दोन हजारावर आणून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि तीनपैकी दोन वाटा बंद होतात.

सगळ्यात धोक्याचं पाकीट म्हणजे मोबाइलचं कव्हर

हल्ली अनेकांनी पाकीट वापरणं सोडलंय. मोबाइलच्या मागच्या कव्हरमध्ये एक डेबिट कार्ड, एक पाचशेची नोट आणि लायसन्स. दिसायला सुटसुटीत. पण हरवण्याच्या हिशेबानं बघितलं तर ही सगळ्यात वाईट जागा आहे.

कारण सोपं आहे. आपल्याकडचे बहुतेक ऑनलाइन व्यवहार दोन गोष्टींवर चालतात, कार्ड आणि मोबाइल. कार्ड गेलं तरी ओटीपी मोबाइलवर येतो, म्हणून पैसे वाचतात. मोबाइल गेला तरी कार्ड आपल्याकडे असतं. कव्हरमध्ये कार्ड ठेवलं की दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसाच्या हाती जातात.

यूपीआयचंच बघा. डेबिट कार्डाचे शेवटचे 6 आकडे, एक्स्पायरीची तारीख आणि मोबाइलवर आलेला ओटीपी यांवर यूपीआयचा पिन नव्यानं ठरवता येतो. काही बँका त्यात एटीएमचा पिनही मागतात, पण सगळीकडे तोच भरवसा धरता येत नाही.

तुम्ही म्हणाल, माझा मोबाइल तर लॉक असतो. असेल. पण त्यातलं सिम काढून दुसऱ्या मोबाइलमध्ये घातलं की ओटीपी तिकडे येतो. यावर उपाय म्हणजे सिमचा पिन. मोबाइलच्या सेटिंगमध्ये सिम लॉक नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये घातल्यावर आधी पिन विचारला जातो. फक्त हे करताना घाई नको. पिन तीनदा चुकला की सिम अडकतं आणि कंपनीकडून पीयूके नावाचा कोड घ्यावा लागतो.

तेव्हा कव्हरमध्ये फार तर एक नोट ठेवा. कार्ड नको.

आणि ते आरएफआयडीवालं पाकीट?

सोशल मीडियावर अधूनमधून व्हिडीओ फिरतो. गर्दीत एक माणूस स्वाइप मशीन घेऊन फिरतोय, लोकांच्या खिशाला टेकवतोय आणि पैसे उडतायत. खाली आरएफआयडी ब्लॉकिंगवालं पाकीट विकायला असतंच.

टॅपचं कार्ड अगदी जवळून, काही सेंटिमीटरवरूनच वाचलं जातं. मशीन घ्यायचं तर त्यामागे दुकानदाराचं बँक खातं आणि केवायसी लागतं, म्हणजे पैसे ज्या खात्यात गेले तो माणूस सापडतो. पाकिटात दोन-तीन टॅपची कार्डं एकावर एक असतील तर मशीन अनेकदा गोंधळतं. त्यामुळे असं होऊच शकत नाही असं नाही, पण गर्दीत खिसा कापणारा जुना चोर याच्यापेक्षा कितीतरी जास्त खरा आहे.

असं पाकीट आवडलं तर घ्या, वाईट काही नाही. पण त्याच भीतीपोटी घेत असाल तर ऍपमध्ये टॅप बंद करणं फुकट आहे.

पाकिटात काय ठेवायचं? तीन प्रश्न विचारा

पाकीट टेबलावर उलटं करा आणि प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा.

एक, ही गोष्ट मला गेल्या महिन्यात लागली का?

दोन, हरवली तर दुसरी मिळेल का?

तीन, दुसऱ्याच्या हाती लागली तर तिच्यामुळे आणखी काय उघडेल?

पहिल्या प्रश्नाला निम्मं सामान गळतं. दोन वर्षांपूर्वीच्या जिमचं कार्ड, बंद पडलेल्या दुकानाचं पॉइंट्स कार्ड, एटीएमच्या पावत्या. पावत्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. मशीनमधून निघणारी गुळगुळीत पावती थर्मल कागदाची असते, तिच्यावरची अक्षरं उडून जातात. वॉरंटीसाठी बिल जपून ठेवायचं असेल तर त्याचा फोटो काढा. पाकिटात ठेवलेलं बिल सहा महिन्यांनी कोरा कागद झालेलं असतं.

दुसऱ्या प्रश्नात भावनेचा मामला येतो. वडिलांनी पहिल्या पगाराच्या वेळी दिलेली नोट, आजीचा एकुलता एक जुना फोटो, कुणाच्या हातची चिठ्ठी. बँक दुसरं कार्ड देईल, ही चिठ्ठी दुसरी कुणी देणार नाही. फोटोची कॉपी पाकिटात ठेवा, मूळ फोटो घरी.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. यात पिनची चिठ्ठी जाते, पासवर्डचा कागद जातो, सही केलेला कोरा चेक जातो. जादा सिम कार्डही जातं. आणि घराची किल्ली व घराचा पत्ता ही जोडीही जाते. बायकांच्या पर्समध्ये ही जोडी बऱ्याचदा असते. किल्ली आणि पत्ता असलेलं आधार एकत्र गेलं तर आधी कुलूप बदलावं लागतं.

आता आधारचं काय करायचं? रोज सोबत बाळगायची ती गोष्टच नाही. छापील पत्र, डाउनलोड केलेलं ई-आधार आणि प्लास्टिकचं कार्ड हे तिन्ही प्रकार सारखेच ग्राह्य आहेत, हे आधार देणारं प्राधिकरणच सांगतं. मोबाइलमध्ये ठेवता येतं. कुणाला प्रत द्यायचीच असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात फक्त शेवटचे 4 आकडे दिसतात. बोटांच्या ठशांवरून कुणी पैसे काढू नयेत म्हणून बायोमेट्रिक लॉक करायची सोयही आहे.

लायसन्स आणि आरसी बुकाचंही तसंच. 2015 मध्ये डिजिलॉकर आलं. 2018 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं स्पष्ट केलं की डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ऍपमधलं लायसन्स आणि आरसी मूळ कागदाइतकंच ग्राह्य धरायचं. इथे एक गफलत होते. गॅलरीतला लायसन्सचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नाही. ऍपमध्ये सरकारी नोंदीतून आलेलं कागदपत्रच चालतं, आपण काढलेला फोटो नाही. नाक्यावर होणारे वाद अनेकदा यावरूनच होतात.

मग उरलं काय?

एक बँकेचं कार्ड. दोन खाती असतील तर दुसरं कार्ड घरी ठेवा. पाकीट गेल्यावर सगळी कार्डं ब्लॉक केली तर नवीन येईपर्यंत हातात एक तरी चालू कार्ड पाहिजे ना.

एक ओळखपत्र. लायसन्स असेल तर तेच पुरतं.

थोडी रोख, आणि तीही सुटी. मोबाइलची बॅटरी संपली, नेटवर्क गेलं, बँकेचा सर्व्हर बंद पडला की यूपीआय कामाचं नाही. घरी पोचण्याइतके आणि एक वेळ जेवण्याइतके पैसे पाकिटात हवेतच. शिवाय दोन-तीनशे रुपये पाकिटाबाहेर, बॅगेच्या आतल्या कप्प्यात वेगळे ठेवा. पाकीट गेलं तरी रिक्षानं घरी येता येईल.

आणि एक चिठ्ठी. यावर जरा थांबून बोलूया.

एक चिठ्ठी, दोन कामं

चिठ्ठीवर काय लिहायचं? तुमचं नाव, घरच्या दोन माणसांचे मोबाइल नंबर, रक्तगट, कुठल्या औषधाची ऍलर्जी असेल तर ती आणि मधुमेह किंवा हृदयाचा आजार असेल तर तो. घराचा पत्ता नको. स्वतःचा नंबर एकटा नको, कारण पाकिटाबरोबर मोबाइलही गेलेला असू शकतो.

पहिलं काम अपघाताच्या वेळचं. रस्त्यात कुणी बेशुद्ध पडलं तर मदत करणारा आधी मोबाइल बघतो आणि तो लॉक असतो. मग खिशातलं पाकीट बघतात. त्यात आधार असेल तर नाव कळतं, पत्ता कळतो, पण घरी फोन कुणाला करायचा ते कळत नाही. एका चिठ्ठीमुळे तुमच्या घरच्यांना दोन तास आधी कळू शकतं आणि डॉक्टरांना कुठलं औषध द्यायचं नाही ते समजतं. वय झालेल्या आई-वडिलांच्या पाकिटात ही चिठ्ठी असलीच पाहिजे.

दुसरं काम पाकीट परत मिळण्याचं. लोक काही तेवढे वाईट नसतात, आणि हे नुसतं म्हणणं नाही. 2019 मध्ये सायन्स या नियतकालिकात एक मोठा प्रयोग छापून आला. संशोधकांनी 40 देशांतल्या 355 शहरांमध्ये 17 हजारांहून जास्त पाकिटं हॉटेलं, बँका, पोस्ट, पोलिस ठाणी अशा ठिकाणी काउंटरवर ‘सापडलं’ म्हणून नेऊन दिली. त्यात भारतातली शहरंही होती. पाकिटात मालकाचं नाव आणि ईमेल होता. काही पाकिटांत पैसे होते, काहींत नव्हते.

सगळ्यांना वाटलं होतं की पैसेवाली पाकिटं गायब होतील. झालं उलटं. पैसे नसलेल्या पाकिटांसाठी सुमारे 40 टक्के वेळा मालकाशी संपर्क केला गेला, पैसे असलेल्यांसाठी सुमारे 51 टक्के वेळा. पैसे ठेवून घेतले तर आपण चोर ठरू, ही टोचणी लोकांना लागते असा त्याचा एक अर्थ काढला गेला.

पण त्या प्रयोगात मालकाशी संपर्क करायची सोय पाकिटातच होती हे विसरू नका. नंबर नसेल तर भला माणूसही काय करणार?

पाकीट ठेवायचं कुठे?

मागच्या खिशात नको. याची दोन कारणं आहेत.

एक तर गर्दीत मागचा खिसा आपल्याला दिसत नाही आणि धक्काबुक्कीत हात लागला तरी कळत नाही. खिसेकापूला हीच जागा सगळ्यात सोपी. पुढचा खिसा, नाहीतर शर्टाच्या आतला खिसा बरा. बॅग असेल तर लोकलमध्ये ती पुढे घ्या.

दुसरं कारण कमरेचं. जाड पाकिटावर बसलं की एक कुल्ला वर, एक खाली. कुल्ल्याच्या स्नायूंखालून सायटिक नावाची मोठी नस पायाकडे जाते. पाकिटाचा दाब त्या भागावर पडत राहिला की कमरेपासून पायापर्यंत कळ किंवा मुंग्या येऊ शकतात. 1978 मध्येच अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात क्रेडिट कार्डांच्या पाकिटामुळे होणाऱ्या सायटिकावर लिहून आलं होतं. दिवसभर गाडी चालवणारे आणि खुर्चीत बसून काम करणारे यांनी बसण्याआधी पाकीट काढून ठेवावं. दुखणं राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, सगळा दोष पाकिटावर टाकू नका.

तरीही हरवलं तर? पहिला तास महत्त्वाचा

आधी कार्ड ब्लॉक करा. शोधाशोध नंतर. बँकेच्या ऍपमध्ये कार्ड तात्पुरतं बंद करायची सोय असते. पाकीट सोफ्याखाली सापडलं तर परत चालू करता येतं, त्यामुळे संकोच नको.

ऍप नसेल तर कस्टमर केअरला फोन. आता हा नंबर असतो कुठे? कार्डाच्या मागे. आणि कार्ड कुठे? पाकिटात. मग माणूस घाबरून गुगलवर नंबर शोधतो आणि कधीकधी ठगांनी टाकलेल्या खोट्या कस्टमर केअरच्या नंबरवर जाऊन पडतो. पाकिटातले पाच हजार वाचवायला जातो आणि खात्यातले पन्नास हजार घालवून बसतो. म्हणून हे नंबर आजच बँकेच्या कार्डावरून किंवा पासबुकावरून बघून मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही देऊन ठेवा. सोबत कार्डाचे फक्त शेवटचे 4 आकडे लिहा. कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवू नका.

बँकेला कळवल्याचा मेसेज आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. याला पैशात किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या चुकीमुळे, म्हणजे पिन वगैरे दुसऱ्याला कळल्यामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल, तर व्यवहाराचा मेसेज आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं की ग्राहकावर भार नाही. म्हणून कळवल्याची वेळ लेखी हातात असणं गरजेचं.

खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा. रेल्वेत पाकीट गेलं तर 139.

मग पोलिस. हरवलं असेल तर हरवल्याची नोंद होते, चोरी असेल तर गुन्हा नोंदवायचा. चोरी झाली आणि पोलिस म्हणाले फक्त हरवल्याचं लिहून द्या, तर तुमचं म्हणणं स्पष्ट सांगा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी ठाण्यात माहिती देता येते. ती नोंद डुप्लिकेट कागदपत्रं काढताना आणि पुढे कुणी तुमच्या नावावर काही केलं तर तुम्ही आधीच कळवलं होतं हे दाखवायला उपयोगी पडते.

आधार किंवा पॅनची प्रत गेली असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी दोन गोष्टी तपासा. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते दिसतं. आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये तुमच्या नावावर अनोळखी कर्ज आहे का ते कळतं. प्रत्येक क्रेडिट कंपनीनं वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा नियम आहे.

आणि दुसऱ्याचं पाकीट सापडलं तर?

सापडलं ते माझं, असा कायदा नाही. मालक कोण हे माहीत असताना किंवा सहज कळू शकत असताना पाकीट वापरलं तर तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 मध्ये त्याला सहा महिने ते दोन वर्षांची कैद आणि दंड सांगितलाय. पाकिटातल्या नंबरवर फोन करा, नाहीतर जवळच्या पोलिस ठाण्यात द्या. फोटो काढून आधारसकट सोशल मीडियावर टाकू नका. मदत करायला जाऊन त्या माणसाचे सगळे तपशील हजार लोकांना दिल्यासारखं होतं. फक्त नाव आणि कुठे सापडलं एवढं टाका.

परत मिळायला कधीकधी वेळ लागतो, एवढंच. मुंबईत 2006 मध्ये लोकलमध्ये एका प्रवाशाचं पाकीट गेलं होतं, त्यात 900 रुपये होते. 2020 मध्ये रेल्वे पोलिसांनी त्यांना फोन करून ते सापडल्याचं सांगितलं. तोपर्यंत मधे नोटबंदी होऊन गेली होती आणि पाकिटातली 500 ची नोट चलनातूनच बाद झाली होती.

चौदा वर्षांत नोटेचा कागद झाला. पण आज तेच पाकीट गेलं असतं तर 900 रुपयांची काळजी कुणाला वाटली असती? कार्ड, आधार, पॅन यांचीच वाटली असती.

तर आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांची पाकिटं आणि पर्स टेबलावर घ्या. आई-वडिलांची आधी. पिनची चिठ्ठी सापडली तर रागवू नका, पिन बदलून द्या आणि तो लक्षात राहील असा निवडायला मदत करा. जास्तीची कार्डं कपाटात जाऊ द्या, फोन नंबरची चिठ्ठी आत सरकवा आणि बँकेचे नंबर एकमेकांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करा. अर्ध्या तासाचं काम आहे.